परसातला वाटाणा: वाचकांचे प्रश्न

ऑगस्टअखेर कुंडीत वाटाणा लावला. वेल छान वाढले, फुलेही आली, पण शेंग एकही धरली नाही. गच्चीवर मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून असेल का? (जळगाव)

मधमाश्यांवर उगाच आळ घेऊ नका. वाटाण्याचे फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकून घेते. चुकली ती तारीख. ऑगस्टअखेरचा वाटाणा नेमका ऑक्टोबरच्या उन्हात फुलावर येतो आणि पारा तिशीच्या वर राहिला की फुले गळतात.

आपल्या खान्देशात हे पीक एकाच हंगामाचे. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य, एवढ्यात बी मातीत पडले पाहिजे. अर्केल ही लवकर येणारी जात साधारण 55 ते 60 दिवसांत पहिल्या तोडणीला येते. बोनव्हिलेला त्याहून तीनेक आठवडे जास्त लागतात, म्हणून ती आधी पेरा. संक्रांतीनंतर लावायचा मोह आवरा, कारण फुले येईस्तोवर ऊन तापायला लागलेले असते. पाकिटावर ‘बारमाही’ छापलेले असले तरी आपला मार्च ते वाचत नाही!

किराणा दुकानातले सुके वाटाणे पेरले तर चालतील का? (शिरपूर)

अख्खे असतील तर बरेचसे उगवतील. पण जात कोणती, उशिरा येणारी की कशी, काही कळत नाही आणि आपल्याकडची थंडी तेवढी वाट बघत नाही. पाकीटबंद बियाणे घ्या. त्याला बहुधा रंगीत औषध चोळलेले असते, तेव्हा उरलेले बी चुकूनही उसळीत टाकू नका.

शेतातली काळी माती कुंडीत भरली. दोनदा पेरले, दोन्ही वेळा बी कुजले. (भुसावळ)

नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते. निम्मी माती, उरलेल्या निम्म्यात कुजलेले शेणखत आणि जाड वाळू घ्या. कुंडीच्या बुडाचे भोक मोकळे आहे ना, ते बघा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की 3 ते 4 सेंटिमीटर खोल बी टोचा आणि कोंब वर येईपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवा. रात्रभर भिजवलेले, फुगलेले बी अशा मातीत आणखीच लवकर कुजते.

पेरण्यापूर्वी बियांना रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू खत, चोळा, कृषी सेवा केंद्रात मिळते. मात्र औषध लावलेल्या बियाण्यावर रायझोबियमचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून शक्यतो औषध न लावलेले बी शोधा. युरिया नको, पाला माजतो, शेंगा रुसतात. महिन्याभराने एखादे रोप हलकेच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी दिसली तर ती हवेतले नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवी म्हणजे काम बंद.

आधाराला पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडे) रोवल्या तर चालेल का? (चोपडा)

उत्तम. बारीक फांद्यांना वेलाचे ताणे झटकन धरतात, गुळगुळीत बांबूपेक्षा बरे. फक्त वाळकी बोंडे आधी तोडून जाळा. गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या कपाशीवर जाते.

जानेवारीत पानांवर पीठ शिंपडल्यासारखे दिसते. (शहादा)

ही भुरी. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री गारवा असला की ती पसरते. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात फवारले तर पाने करपतात. शेंगा संपत आल्या असतील तर औषधाचा खर्च कशाला, वेल उपटा. दरवर्षीच भुरी येत असेल तर अर्का अजीत लावा, ती या रोगाला दाद देत नाही.

उन्हाळ्यात काहीच नाही का? (धुळे)

शेंगा नाहीत. गवार, चवळी लावा. वाटाण्याचीच हौस असेल तर घरात, सावलीत, उथळ ट्रेमध्ये औषध न लावलेले सुके वाटाणे दाट पेरा. दोनेक आठवड्यांत वीतभर कोवळे कोंब कापून कोशिंबिरीत घालता येतात.