टीटीएल काढला तर पीअर टू पीअर नेटवर्कमधली सर्च क्वेरी कायम फिरत राहते का?

नाही. थांबते. (टीटीएल म्हणजे टाइम टू लिव्ह, मेसेज अजून किती नोडवरून पुढं जाऊ शकतो तो आकडा; शून्य झाला की मेसेज तिथंच संपतो. नोड म्हणजे नेटवर्कमधलं एक मशीन.)

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ग्नुटेलासारख्या, मधला सर्व्हर नसलेल्या फाइल शेअरिंग नेटवर्कमध्ये क्वेरी कशी पसरते, टीटीएल नसेल तर ती कायम फिरते का, आणि टॉरेंटमध्ये पण असंच असतं का. मधल्या प्रश्नावर सोलापुरात फायनल इयरच्या व्हायवाला माझे मार्क कापलेत, त्यामुळं आधी तेच.

आमचा प्रोजेक्टच हा होता. ग्नुटेलाच्या जुन्या प्रोटोकॉलवर बेतलेला फाइल शेअरिंगचा प्रोग्राम, जावात लिहिलेला, लॅबमधल्या मशीनवर चालायचा. मे महिना, सोलापूरचं ऊन, लाइट जायच्या आत डेमो उरकायचा म्हणून सगळे घाईत, आणि एक्सटर्नलनी विचारलं टीटीएल काढला तर काय होईल. मी म्हणलं, क्वेरी सगळ्या नोडवर जाईल आणि संपेल. ते म्हणाले चूक, लूपमध्ये अडकेल, नेटवर्क बसेल.

आता बघा. प्रत्येक क्वेरीच्या हेडरमध्ये १६ बाइटचा आयडी असतो. क्वेरी आली की नोड आधी आपल्या टेबलात बघतो, हा आयडी येऊन गेलाय का. येऊन गेला असेल तर टाकून देतो, पुढं पाठवतच नाही. नवीन असेल तर आयडी आणि तो कुठल्या कनेक्शनवरून आला ते लिहून ठेवतो, टीटीएल एकनं कमी करतो आणि जिकडून आली ती बाजू सोडून बाकी सगळ्या शेजाऱ्यांना पाठवतो. हे टेबल हौसेखातर नसतं. ज्याच्याकडं फाइल सापडते त्याचं उत्तर तोच आयडी घेऊन आल्या वाटेनं परत जातं आणि ती वाट ह्या टेबलातच असते. टेबलाशिवाय सर्चच चालत नाही, मग लूप होणार कसा?

मी तिथंच टीटीएलची ओळ कमेंट केली, मशीन गोल जोडलेल्या होत्याच, सर्च मारला. क्वेरी दोन्ही बाजूंनी फिरून समोरासमोर आली आणि लॉगमध्ये डुप्लिकेट म्हणून पडली. सर म्हणाले, छोट्या नेटवर्कवर ठीकाय. अरे, छोट्यामोठ्याचा संबंधच काय! आणि माझा पार्टनर, ज्यानं ते टेबल माझ्यासोबत बसून लिहिलं, तो गप्प. आज पण ग्रुपवर विषय निघाला की म्हणतो सरांचं बरोबर होतं.

हा घोळ आयपीमुळं, म्हणजे इंटरनेटवर पॅकेट पोचवणाऱ्या प्रोटोकॉलमुळं होतो. तिथला राउटर कुठलं पॅकेट येऊन गेलं ते लक्षात ठेवत नाही, त्यामुळं तिथं टीटीएल खरंच लूप तोडतो. ग्नुटेलात टीटीएलचं मुख्य काम वेगळंय, क्वेरी किती लांब जाणार ते ठरवणं. ४ शेजारी आणि टीटीएल ७ धरला तर जास्तीत जास्त ४,३७२ नोड होतात, प्रत्यक्षात कमी, कारण शेजारी सामाईक असतात. आणि डुप्लिकेट आल्यावरच टाकता येतं, येताना बँडविड्थ खातंच. २००० च्या जुलैत नॅपस्टर ह्या गाणी शेअर करायच्या सर्व्हिसवर कोर्टाचा आदेश आला आणि लोक ग्नुटेलाकडं धावले, तेव्हा डायलअपवाली मशीन ह्याच गर्दीनं जाम झाली. पुढं अल्ट्रापीअर आले, म्हणजे जास्त ताकदीचे नोड, ज्यांना साधे नोड जोडलेले असतात. साधा नोड आपल्या फाइलींच्या शब्दांचं हॅश टेबल अल्ट्रापीअरला देऊन ठेवतो, मग जुळण्यासारखं काही नसेल तर क्वेरी त्याच्यापर्यंत येतच नाही.

टॉरेंटचं एका ओळीत: तिथं असं सगळ्यांना विचारत नाहीत, २००२ च्या कॅडेम्लिया ह्या डिझाइनवर बेतलेल्या डीएचटीत, म्हणजे नोडांमध्ये वाटून ठेवलेल्या टेबलात, प्रत्येक टप्प्याला हॅशच्या, म्हणजे टॉरेंटची ओळख असलेल्या आकड्याच्या, जवळच्या नोडकडं सरकत जातात, पण हॅश आधीच हातात लागतो, नुसतं नाव टाकून फाइल शोधता येत नाही.

व्हायवाला हा प्रश्न आला तर आधी सरळ विचारा, आयडीचं टेबल धरून सांगू की टेबल नाही असं समजून. टेबल धरून म्हणाले तर उत्तर बदलू नका, समोर कोण पण असू दे.

एक गोष्ट राहिली. टेबलाला मर्यादा असते, जुने आयडी काढून टाकावे लागतात, आणि खूप उशिरा फिरून आलेली क्वेरी मग नवीन समजली जाऊ शकते. शिवाय एखाद्याचा प्रोग्राम आयडी तपासतच नसेल तर तो कचरा पसरवतो. ह्या दोन्हीसाठी टीटीएल पाहिजेच, मी तो काढा म्हणत नाहीय. पण हे कारण त्या दिवशी सरांनी पण दिलं नव्हतं आणि पार्टनरनं तर आजपर्यंत दिलेलं नाही.