आधी वेचणीची वही

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची म्हणतेस, तर लिहीच. पण तुझ्या यादीत खिडक्या, माऊस, नेटवर्क, ब्राउझर सगळं आहे. ती सिस्टीम रोज कोण वापरणार आणि कशासाठी, तेवढं मात्र नाही. दिवाळीच्या सुमाराला तुमच्या वावरात वेचणी लागते. कोणत्या बाईने किती किलो कापूस वेचला ते संध्याकाळी काट्यापाशी वहीत लिहितात. ती एक वही तुझ्या सिस्टीमवर चालू दे. बाकीचं मागून.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणारा लिनस टोरवाल्ड्स १९९१ साली हेलसिंकीत शिकत होता. त्याने आधी लिहिला तो विद्यापीठाच्या संगणकाशी फोनवरून जोडणारा टर्मिनल प्रोग्रॅम. तिकडच्या फाइली उतरवून ठेवायच्या, म्हणून डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा कोड, लागला. मग फाइल सिस्टीम लागली. लिनक्स असं गरजेपाठी गरज येत वाढलं.

बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कवरून पहिल्यांदा वाचला जाणारा तुकडा, तुला जमेलच: ५१२ बाइट, शेवटी ५५ आणि एए हे खुणेचे दोन बाइट. त्यानंतर पडद्याच्या नादी न लागता सिरीयल पोर्टवर, म्हणजे तारेवरून एकेक अक्षर पाठवायच्या साध्या जोडणीवर, अक्षर पाठवायला शीक. प्रोटेक्टेड मोडमध्ये (प्रोसेसरच्या ३२ बिटी अवस्थेत) जाताना जीडीटीतला (मेमरीचे भाग सांगणाऱ्या तक्त्यातला) एक बाइट चुकला तरी मशीन मुकाट्याने रीसेट होते. त्याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात, आणि इथेच पुष्कळ पोरं कंटाळून सोडून देतात. क्यूईएमयूला (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला) रीबूट करू नको आणि प्रत्येक इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच थांबवणारी हाक) नोंदव, असं सांगून चालव. कुठे अडलं ते कळतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. समजा, नोंद लिहिताना मधेच लाइन गेली. वहीच्या यादीत 'नवी नोंद अमुक सेक्टरवर' असं आधी लिहून झालं असेल आणि नोंद उतरायची राहिली असेल, तर त्या जागी पूर्वीचा कचरा वाचला जाईल, आणि एखादीच्या मजुरीचा आकडा भलताच निघेल. म्हणून आधी नोंद, मग तिच्याकडे बोट दाखवणारी यादी. हा क्रम कधी मोडू नकोस. मधेच लाइन गेली तर फार तर शेवटची नोंद जाईल; आधीच्या शाबूत राहतील. शिवाय डिस्कला स्वतःची कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी, असते. 'लिहिलं' म्हणून सांगते तेव्हा ते तिथेच पडून असू शकतं. दोन्ही पायऱ्यांनंतर तिला फ्लशचा, म्हणजे कॅशमधलं खरोखर डिस्कवर उतरवण्याचा, हुकूम दे. लिहिता लिहिता क्यूईएमयू मुद्दाम बंद पाडत जा, पुन्हा चालू कर, वही तपास. क्रमाची परीक्षा त्यात होते, डिस्कच्या कॅशची मात्र होत नाही. त्यासाठी खऱ्या मशीनची वायरच ओढावी लागेल.

नावं मराठीत हवीत, हे तुझं म्हणणं मला फार आवडलं. पण व्हीजीएच्या (पीसीच्या जुन्या पडदा-पद्धतीच्या) टेक्स्ट मोडमध्ये ८० गुणिले २५ चौकटी असतात आणि एका चौकटीत एकच ठरलेलं चित्र. 'किलो' लिहिताना मेमरीत क आधी आणि वेलांटी नंतर, दाखवताना उलट. जोडाक्षरांचं तर विचारूच नकोस. ग्राफिक्स मोड आणि स्वतःची अक्षरं जुळवणारा कोड, हे पुढच्या वर्षीचं काम. यंदा प्रत्येकीला क्रमांक दे, क्रमांक आणि किलो एवढंच लिही. कागदी वहीही सोडू नका. रोज रात्री दोन्हींची बेरीज ताडून पाहा.

क्यूईएमयूत नीट चाललं की खऱ्या मशीनसाठी माझ्याकडचा जुना बायोसवाला (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा अंगचाच प्रोग्रॅम) डेस्कटॉप घेऊन जा. पेनड्राइव्हवरून बूट होईल, कारण बायोस त्याला डिस्कसारखं दाखवतो; पण एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये गेलीस की तुझा एटीए (आयडीई हार्ड डिस्कशी बोलणारा) ड्रायव्हर पेनड्राइव्ह ओळखणार नाही, आणि यूएसबीचा ड्रायव्हर लिहिण्यात आख्खा हंगाम जाईल. त्याच डेस्कटॉपात जुनी आयडीई हार्ड डिस्क आहे, तिच्यावरच सिस्टीम टाक. आत माझं काही राहिलेलं नाही, बिनधास्त पुसून टाक.

तुझा,
काका