‘डक केले’ला मराठी शब्द: पळ नव्हे, बुडी

प्रश्न असा आहे: बॉक्सिंगमधल्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाच्या, विजेतेपदाच्या लढतींवर वाद घालणारे मराठी चाहते ‘फ्युरीने जोशुआला डक केले’, ‘जोशुआने वाइल्डरला डक केले’, म्हणजे या बॉक्सरने त्या बॉक्सरशी लढायचे टाळले, असे सर्रास म्हणतात; या ‘डक’ला मराठीत ‘पळ काढणे’ म्हणावे का, आणि लढतीआधी चालणाऱ्या सौद्याला ‘वाटाघाटी’ म्हणावे की ‘बोलणी’? प्रश्नासोबत एका भाषाभ्यासकांचे उत्तरही जोडलेले आहे. त्यांच्या मते ‘डक’ म्हणजे बदक, चाहूल लागताच बदक पाण्यात शिरते, त्यावरून इंग्रजीत हे क्रियापद तयार झाले, आणि म्हणून मराठीत ‘पळ काढणे’ हाच नेमका शब्द होय.

या उत्तरातील दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसरे तर इतक्या वेळा कानांवर पडते की त्याचा समाचार आधी घेतो. पळ काढायला समोर कोणीतरी उभे असावे लागते. चोर पोलिसांना पाहून पळ काढतो, सैन्य रणातून पळ काढते. ज्या लढतीचा करारच झाला नाही, जिची तारीखच ठरली नाही, तिच्यातून पळ काढता येत नाही. मार्च २०२३मध्ये टायसन फ्युरी आणि ओलेक्सांद्र उसिक यांची लढत वेम्बलीवर २९ एप्रिलला व्हावी म्हणून बोलणी चालू होती. फ्युरीने पैशाची सत्तर-तीस अशी वाटणी मागितली. उसिकने, फ्युरीने दहा लाख पौंड युक्रेनला द्यावेत एवढी अट घालून, तीस टक्के मान्यही केले. आणि तरीही परतीच्या लढतीच्या अटींवर सगळे फिसकटले. त्या आठवड्यात ‘फ्युरीने पळ काढला’ असे जे जे म्हणाले, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तोच फ्युरी २०२४मध्ये मे आणि डिसेंबरमध्ये दोनदा रियाधमध्ये त्याच उसिकसमोर उभा राहिला आणि चोवीस फेऱ्या लढून दोन्ही वेळा हरला. त्याने वसंतात लढत टाळली असेल, लांबवली असेल. पळ मात्र काढलेला नाही.

आता बदकाविषयी. पक्ष्यावरून क्रियापद आले हे म्हणणे नेमके उलटे आहे. क्रियापद आधीचे, पक्षी नंतरचा. वाकून पाण्याखाली जाणे, बुडी मारणे असा अर्थ असलेला हा जुना जर्मानिक धातू आहे. जर्मन भाषेतले ‘टाउखेन’ याच कुळातले आणि त्याचा अर्थ आजही बुडी मारणे असाच आहे. जुन्या इंग्रजीत या धातूवरून पक्ष्याला ‘डूके’, म्हणजे ‘बुडी मारणारी’, असे नाव पडले आणि त्याचेच पुढे ‘डक’ झाले. त्याआधी त्या भाषेत बदकासाठी ‘एनेद’ असा वेगळाच शब्द होता, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा आनंद त्या शब्दाचा आहे: लॅटिन ‘अनास’, जर्मन ‘एंटे’ आणि आपल्या ऋग्वेदातला ‘आति’ हे त्या ‘एनेद’चे सख्खे भाऊबंद आहेत. उर्वशी आणि पुरूरवा यांच्या संवादसूक्तात अप्सरांना ज्या पाणपक्ष्यांची उपमा दिली आहे, ते हे आति. इंग्रजीने तो वेदकाळाशी नाते सांगणारा शब्द टाकून दिला आणि पक्ष्याला त्याच्या कृतीवरून नवे नाव दिले. (आपले ‘बदक’ फार्सी-अरबीतल्या ‘बत’वरून आलेले, त्याचा यात काही संबंध नाही.)

तेव्हा ‘डक’ या क्रियापदाचा गाभा बुडी हा आहे, आणि मराठीत तो शब्द आयता उभा आहे. ‘बुडणे’ आपल्याला प्राकृतातून मिळाले. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात संस्कृत ‘मज्ज्’ या धातूच्या जागी प्राकृतात येणारी रूपे नोंदवली आहेत, त्यांत ‘बुड्ड’ आहे. हिंदीत याच शब्दातली व्यंजने उलटून ‘डूबना’ रुळले. जुन्या हिंदीत ‘बूड़ना’ भेटते, पण आज ते मागे पडले आहे. मराठीने मूळ क्रम सोडला नाही.

मराठीने आणखी एक गोष्ट केली, जी मला फार महत्त्वाची वाटते. पोर शाळा बुडवते, कारकून कामाचा दिवस बुडवतो, ऋणको सावकाराला बुडवतो. काही जाणकार हे सगळे अर्थ ‘नाश करणे, नुकसान करणे’ या एकाच अर्थाखाली कोंबतात आणि पुढे जातात. कर्जाच्या बाबतीत ते एक वेळ मान्य करू, कारण तेथे पैसा खरोखर बुडतो. पण शाळा बुडवणाऱ्या मुलाने शाळेचा कोणता नाश केला? माझे मत असे की येथे बुडी मुलगा मारतो आणि व्याकरणात ती शाळेच्या माथी जाते: जेथे हजर असायला हवे तेथून तो पाण्याखाली गेल्यासारखा दिसेनासा होतो. ‘शाळेला बुट्टी मारणे’ हा प्रयोग ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ती ‘बुट्टी’ ही ‘बुडी’चीच बहीण असावी असे मी ठामपणे मानतो. पैसे घेतलेला माणूस चार महिने ‘बुडी मारून बसला’ असे आपण म्हणतो, तेव्हाही हाच अर्थ असतो. समोर येण्याची वेळ आली की नाहीसे होणे, आणि धोका टळला की पुन्हा वर येणे: लढत टाळणाऱ्या बॉक्सरवर जो आरोप केला जातो तो शब्दशः हाच आहे. म्हणून ‘अमक्याने तमक्याला बुडी मारली’ असे नव्हे, तर ‘अमक्याने तमक्यासमोर बुडी मारली’ किंवा सरळ ‘लढत बुडवली’ असे म्हणावे.

या शब्दाचा दुसरा गुण असा की तो रिंगणाच्या दोरांच्या आतही चालतो, जे ‘पळ काढणे’ला कधीच साधणार नाही. रिंगणात ‘डक’ करणे हे भित्रेपण नसून कसब आहे: गुडघे वाकवून, पाठ फार न झुकवता, प्रतिस्पर्ध्याचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि वर येतानाच आपला ठोसा घालायचा. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियर असाच मुहम्मद अलीच्या हातांखालून आत शिरत राहिला आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकने त्याने अलीला खाली पाडले. कुस्तीतही प्रतिस्पर्ध्याच्या हाताखालून शिरून मागे जाण्याचा डाव आहे आणि त्याचे नाव ‘बगलडूब’ आहे. त्यातले ‘डूब’ हे रूपच सांगते की नाव उत्तरेकडच्या आखाड्यांतून आलेले असावे. मराठी मल्लांनी त्याला ‘बगलबुडी’ म्हटले असते तरी काही बिघडले नसते.

रिंगणातली बुडी आणि रिंगणाबाहेरची बुडी एकाच माणसाच्या नावावर पाहायच्या असतील, तर कस डामाटो या गुरूकडे पाहावे. हात गालांशी धरून, डोके सतत हलते ठेवून ठोशांखालून जाण्याची त्याची पद्धत फ्लॉइड पॅटरसनने वापरली आणि पुढे माइक टायसनने. टायसन १९८६मध्ये विसाव्या वर्षी विजेता झाला तो याच शिकवणीवर. पण पॅटरसन विजेता असताना हाच डामाटो त्याला सनी लिस्टनपासून वर्षानुवर्षे दूर ठेवत राहिला. लिस्टनच्या पाठीमागे गुन्हेगारी टोळ्या आहेत, त्यांच्याशी व्यवहार करणार नाही, हे त्याने दिलेले कारण खोटे नव्हते. तरी टीका व्हायची ती झालीच. अखेर पॅटरसननेच आग्रह धरला, २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत लढत झाली आणि लिस्टनने पहिल्याच फेरीत त्याला गारद केले. पॅटरसनचे हित गुरूच्या बुडीत होते हे त्या रात्री सर्वांना दिसले, आणि तरीही विजेता म्हणून पॅटरसनने बुडी नाकारली याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

नि:संशय बुडी कोणती, असे विचाराल तर मी डिसेंबर १९९२चे नाव घेईन. रिडिक बोने महिनाभरापूर्वी होलीफील्डला हरवून विजेतेपदे मिळवली होती, आणि त्यांतले एक विजेतेपद देणाऱ्या डब्ल्यूबीसी या संस्थेचा अनिवार्य आव्हानवीर, म्हणजे ज्याच्याशी विजेत्याला लढावेच लागते तो, लेनॉक्स लुईस होता, ज्याने १९८८च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत बोला दुसऱ्या फेरीतच थांबवले होते. बो लंडनला आला, पत्रकारांसमोर त्याने डब्ल्यूबीसीच्या विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि लुईस न लढताच विजेता ठरला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे दोघे कधीच एकमेकांसमोर आले नाहीत. पट्टा टाकून देण्याचा आविर्भाव कितीही बेफिकिरीचा असो, पाण्याखाली कोण गेले हे स्पष्ट आहे.

‘हुलकावणी’ या शब्दाचाही येथे उगाच बळी जातो. ‘जोशुआने वाइल्डरला हुलकावणी दिली’ असे मी वाचले. हुलकावणी देते ती हाताशी आलेली वस्तू: पाऊस हुलकावणी देतो, विजेतेपद हुलकावणी देते. माणूस देतो ती ‘हूल’, आणि हूल म्हणजे खोटी चाल; शिवाय हूल ‘उठते’ही, म्हणजे नसलेल्या गोष्टीची आवई पसरते. हेवीवेटच्या बाजारात हा शब्द सोन्यासारखा आहे. मे २०२१मध्ये फ्युरीने समाजमाध्यमावर जाहीर केले की १४ ऑगस्टला सौदी अरेबियात जोशुआशी लढत नक्की झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या लवादाने निर्णय दिला की त्याने आधी वाइल्डरशी तिसरी लढत द्यावी. त्या वर्षी फ्युरी वाइल्डरशी लढला, जोशुआ उसिकशी लढून हरला, आणि ऑगस्टची लढत हूलच ठरली. यात बुडी कोणी मारली हे शोधत बसणाऱ्यांनी लवादाचा निर्णय आधी पाहावा. कराराने बांधलेला माणूस आणि भ्यालेला माणूस यांना एकच क्रियापद लावणे हा अन्याय आहे. त्याचप्रमाणे २०१८मध्ये वाइल्डरच्या बाजूने जोशुआसमोर पाच कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवला गेला आणि लढत झाली नाही, तेव्हा दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी एकमेकांच्या बॉक्सरला भित्रा ठरवले. प्रत्यक्षात सौदा जुळला नव्हता, आणि सौदा न जुळणे याला मराठीत ‘सौदा न जुळणे’ असेच म्हणतात.

एका ठिकाणी मात्र ‘बुडी’ हा शब्दही मी वापरू देणार नाही. एकोणिसाव्या शतकातला विजेता जॉन एल. सलिव्हन याने कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी लढायचे नाकारले. जिम जेफ्रीजने विजेता असताना कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनला संधी दिली नाही आणि १९०५मध्ये तो अपराजित निवृत्त झाला. जॉन्सनला विजेतेपदासाठी तेव्हाचा विजेता टॉमी बर्न्स याचा पिच्छा पुरवत सिडनीपर्यंत जावे लागले आणि तेथे २६ डिसेंबर १९०८ रोजी ते त्याने मिळवले. पुढे हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर जॅक डेम्प्सीचा वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर राहिला, करारापर्यंत गोष्ट गेली, आणि लढत झालीच नाही. डेम्प्सीने १९२६मध्ये विजेतेपद गमावले ते जीन टनीकडून. हे भ्यालेल्या एकट्या माणसाचे पाण्याखाली जाणे नव्हते. प्रवर्तक, अधिकारी आणि प्रेक्षक यांनी मिळून काही माणसांना दाराबाहेर ठेवले होते, आणि या कृत्याला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: वाळीत टाकणे. विल्सला डेम्प्सीने ‘डक केले’ असे लिहिणारा विल्सचा अर्धा इतिहास पुसून टाकतो.

राहिला ‘वाटाघाटी’चा प्रश्न. पैशाच्या वाट्यावरून चालतात म्हणून ‘वाटाघाटी’, ही समजूत सोडून द्यावी. ‘वाटणे’ आणि ‘घाटणे’, म्हणजे विषय वाटून, घोटून एकजीव करणे, हीच फोड मला पटते. ‘बोलणी’ही तितकाच चांगला शब्द आहे. मॅनेजर बसले की बोलणी, वकील बसले की वाटाघाटी, असा वापर करावा.