पोटाकडे बघ, पण मासे सोडू नकोस

अगो, कोपरावरचे चट्टे बघून घाबरू नकोस, आणि “मासे बंद कर” म्हणणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नकोस. मला सोरायसिस होऊन 14 वर्षं झाली. पहिली दोन मी बांगडा-तारली सोडून नुसत्या पेजेवर काढली. चट्टे तिथेच राहिले, अंगातली ताकद तेवढी गेली.

हा आजार प्रतिकारशक्ती बिथरल्याचा. तिचा मोठा भाग आतड्यांत असतो, आणि आपल्यासारख्यांत क्रोन्स हा आतड्याचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. वारंवार जुलाब किंवा शौचात रक्त असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना आधीच सांग, कारण सोरायसिसवरची, आयएल-17 हा शरीरात दाह वाढवणारा घटक रोखणारी इंजेक्शनं अशा आतड्याला बाधू शकतात. गहूही उगाच सोडू नकोस. आधी सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी कर, तीही गहू खात असतानाच.

कुळथाची पिठी, ताक, तारली खुशाल खा. वजन जास्त असेल तर उतरव, त्याने खरंच फरक पडतो. दारू नकोच, मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं औषध चालू असेल तर यकृतासाठी मुळीच नको. आणि “पोट साफ करणारी” बिननावाची पुडी कुणी दिली तर घेऊ नकोस. तिच्यात स्टिरॉइड असू शकतं, आणि ते अचानक थांबलं की आजार दुपटीने उसळतो. मी भोगलंय गो ते.