हापशाचं पाणी तांबडं का येतं?

प्रश्न : उत्तर युगांडातल्या लिरा भागात ग्रामविकासाच्या कामासाठी दोन वर्षं आलो आहे. गावातला हापसा अगदी आपल्याकडच्यासारखा आहे. पण सकाळी पाणी तांबडं येतं, कपड्यांवर डाग पडतात. बायका हापसा सोडून ओढ्याचं पाणी आणतात. पाइप बदलण्यापुरते पैसे मी देऊ शकतो. देऊ का?

उत्तर : तसलेच जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप पुन्हा घालणार असाल तर देऊ नका. हापसा ओळखीचा वाटतो, कारण तो तोच आहे. सोलापूरच्या पंपावरून घडलेला इंडिया मार्क-2 युगांडात यू-2 म्हणून बसवतात. पंप उत्तम आहे, पण पाणी आम्लधर्मी असलं की पाइपाचा जस्ताचा मुलामा टिकत नाही. सामू (पीएच, पाण्याच्या आम्लतेचं माप) 6.5 च्या खाली गेला की जस्त झिजतं आणि मग लोखंड गंजतं. सामू हापशापाशीच, पाणी काढल्याबरोबर मोजा. पाणी ठेवून दिलं तर त्यातला वायू उडून जातो आणि सामू चढलेला दिसतो.

आधी गंज पाइपाचा आहे की लोह जमिनीतलंच आहे, ते ठरवा. हापसा रात्रभर बंद ठेवा. सकाळी पहिल्या पाण्याची बाटली भरा, मग तासभर सलग हापसून दुसरी भरा. मधलं पाणी वाया घालवू नका, धुण्याला जाईल. दोन्ही बाटल्या संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवून शेजारी शेजारी पाहा. दुसरी स्वच्छ राहिली तर दोष पाइपांचा. दोन्ही सारख्याच तांबड्या झाल्या तर लोह भूजलातलं. तिथे पाइप बदलून काही होणार नाही, पाण्याला हवा देऊन वाळूतून गाळावं लागेल.

दोष पाइपांचा निघाला तर स्टेनलेस स्टीलचे पाइप आणि त्यांच्या आतून जाणारे पंपाचे रॉड घ्या, किंवा प्लॅस्टिक पाइप व स्टेनलेस रॉडचा यू-3एम बसवून घ्या. अर्धे जुने, अर्धे नवे असं करू नका. स्टेनलेसला जोडलेला जी.आय. पाइप सांध्याशी आणखी लवकर गंजतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगलं, असंही नाही. कमी निकेलचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. 304 किंवा 316 प्रतीचा दाखला मागा.

काम जिल्ह्यातल्या हापसा-मिस्त्रीकडूनच करून घ्या. तीन मीटरचे दहा पाइप रॉड आणि आतल्या पाण्यासकट दीडशे किलोच्या घरात जातात. क्लॅम्प न लावता ते सुटले, तर बोअरच हातची जाते.

प्रश्न : मिस्त्री दर वेळी पैसे मागतो. बिघाड खरा आहे की नाही, हे पाणी समितीला कसं कळावं?

उत्तर : पूर्ण दांडा मारत मिनिटाला चाळीस हापसे द्या. पंधरा-सोळा लिटर पाणी यायला हवं, म्हणजे वीस लिटरचा जेरीकॅन पाऊण भरायला हवा. जेमतेम अर्धा भरला तर वायसर झिजले असावेत. अर्धा तास थांबून हापसल्यावर पाच-सहा हापसे कोरडे गेले, तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा सांधा गळतोय. दांडा एकाएकी हलका लागून पाणीच थांबलं, तर रॉड सुटला किंवा तुटला. दांडा आडवा डगमगत असेल तर बेअरिंग गेलं. साखळीला ग्रीस लावायला मिस्त्री लागत नाही, ते समितीतल्या बायकांना शिकवा. सगळ्यांत जास्त हापसतात त्याच.

पैसे बिघाड झाल्यावर नव्हे, दर महिन्याला घरटी गोळा व्हावेत, आणि हिशेब हापशाजवळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. तुम्ही एकदा खिशातून दिलेत की पुढच्या बिघाडाला गाव तुमचीच वाट पाहील, आणि तुम्ही दोन वर्षांनी जाणार आहात.

प्रश्न : शाकाहारी आहे. डाळी कंपालाहून मागवाव्या लागतील का?

उत्तर : नाही. या भागात तूर पिकते, तिला लापेना म्हणतात. बाजारात बहुधा सालासकट मिळते, म्हणून रात्रभर भिजवा. शेंगदाणे आणि तीळही भरपूर. दोन्ही वाटून केलेला ओडी भाजीत घालतात. शेंगदाणे मात्र कोरडे, बुरशी न लागलेलेच घ्या. कडू लागलेला दाणा थुंकून टाका; भाजल्याने बुरशीचं विष पुरतं जात नाही.