जुन्या कमिटवरून नवी ब्रँच

प्रश्न : ग्राहकाला तीन आठवड्यांपूर्वीच्या आवृत्तीत दुरुस्ती हवी आहे, परंतु मुख्य ब्रँचवर त्यानंतर बरेच अर्धवट काम झाले आहे. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात जुन्या कमिटवरून (म्हणजे जतन केलेल्या बदलांच्या नोंदीवरून) ब्रँच काढल्यास हे काम पुसले जाईल का?

उत्तर : अजिबात नाही. गिटमधील ब्रँच ही एका कमिटकडे बोट दाखवणारी खूण असते. जुन्या कमिटवर नवी खूण ठेवल्याने मुख्य ब्रँचची खूण जागची हलत नाही. ‘गिट लॉग’ चालवून हवी ती कमिट शोधावी, तिच्या ४० अक्षरी ओळखक्रमांकातील पहिली सात-आठ अक्षरे टिपून घ्यावीत आणि मग ‘गिट स्विच’पुढे ‘-सी’, नव्या ब्रँचचे नाव व ती अक्षरे याच क्रमाने लिहावीत. हा सी लहान लिपीतलाच हवा, कारण मोठा सी त्याच नावाची ब्रँच आधीपासून असल्यास तिचीच खूण उचलून इकडे आणतो. मला खरी काळजी वाटते ती ‘रीसेट --हार्ड’ची : मागे जाण्यासाठी अनेक जण ती आज्ञा वापरतात आणि फायलींमधले कमिट न केलेले बदल गमावून बसतात. कृपया तो मार्ग धरू नका. दुरुस्तीची कमिट नंतर ‘चेरी-पिक’ने, म्हणजे निवडक कमिटमधले बदल दुसऱ्या ब्रँचवर उतरवणाऱ्या आज्ञेने, मुख्य ब्रँचवरही आणा, नाहीतर पुढच्या आवृत्तीत तोच दोष पुन्हा डोके वर काढेल.