तिच्या प्रश्नावर रेघ मारू नका

नमस्कार,

मुलीला बारावी सायन्सला 68 टक्के पडले. तिला राज्यशास्त्र घ्यायचंय, तुम्हाला ती 'सायबर सैन्यात' हवी आहे आणि हॅकिंगच्या क्लासचे दीड लाख तुम्ही तिला न विचारता भरलेतसुद्धा. मार्कांची मला काळजी नाही. चादरीच्या बिलबुकातल्या कागदावर लिहिलेल्या तुमच्या पत्रात 'मी ठरवलंय' चार वेळा आलंय, याची आहे. मुलीचं वाक्य एकच, खालच्या कोपऱ्यात, आणि त्यावर तुमच्या पेनाची रेघ. तरी वाचता येतं: "हल्ला कुणी केला ते कळायच्या आधीच आपण उलटा वार केला तर?"

अहो, जगभरातले जाणकार याच प्रश्नाशी झगडताहेत!

फेब्रुवारी 2018. दक्षिण कोरियात हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनालाच तिथली संगणक यंत्रणा कोलमडली. हल्ल्याच्या कोडमध्ये उत्तर कोरियाकडे बोट जाईल अशा खुणा मुद्दाम पेरल्या होत्या. 2020 मध्ये अमेरिकेने आरोप ठेवले, ते रशियाच्या लष्करी गुप्तचरांवर. त्या रात्री कुणी रागाच्या भरात उत्तर दिलं असतं, तर मार भलत्यालाच बसला असता. हॅकिंग आलं की देश राखता येतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तुमच्या कारखान्यात धागा तुटला की आधी माग थांबवतात, मग तुटलेला धागा शोधतात. देशांनाही तसं थांबता यावं, म्हणून आधीपासून सोय लावून ठेवावी लागते. भारत आणि पाकिस्तान संबंध कितीही बिघडले तरी 1992 पासून दर 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. सायबरसाठी अमेरिका आणि रशियाने 2013 मध्ये हॉटलाइन ठरवली. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशोदेशीच्या संपर्क अधिकाऱ्यांची यादी सुरू केली. अशा वेळी समोरच्या देशाशी नेमकं काय आणि कसं बोलायचं, हे कायदा, भाषा, राज्यशास्त्र शिकलेल्यांचं काम. तंत्रज्ञान कळायला हवंच, तिथे तिचं सायन्स कामी येईल.

वाटा नेहमीच्याच: राज्यशास्त्राची किंवा कायद्याची पदवी, जी सोलापुरातही होते, पुढे सीयूईटीतून, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए, किंवा यूपीएससीतून परराष्ट्र सेवा.

क्लासवाल्यांकडे उद्याच जाऊन पैसे परत मागा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.